दोनशे पानी वही आणि दोन पेन्सिली

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्या जणींनाही कळेल. वय ४६, राहायला कोथरूडला, मुलगी शिकायला बाहेरगावी. नोव्हेंबरात पहिल्यांदाच एकट्या निघणार आहात, बदामी आणि हंपी मिळून आठ दिवस. मागच्या तीन सहलींना दर वेळी नवी डायरी घेतलीत, तिन्हींत दोन-दोन पानं भरली आणि पुढे सगळी कोरी. तुम्ही विचारलंय की लिहायचं काय, कधी, कागदावर की मोबाइलवर, आणि घरच्या कुणी वाचलं तर काय?

मी १९९७ पासून प्रवासाच्या वह्या लिहिते आहे. आधी बँकेतली नोकरी सांभाळून रजेरजेने, आणि गेली चौदा वर्षं पुण्यातून बायकांचे छोटे गट घेऊन. कपाटात एकतीस वह्या आहेत. त्यातल्या पहिल्या पाच निव्वळ रद्दी आहेत, आणि तुमच्या डायऱ्या कोऱ्या का राहतात त्याचं उत्तर त्या पाचांतच आहे.

माझ्या दुसऱ्या वहीत बदामी आहे. लिहिलंय: ‘बदामीची लेणी लाल दगडात कोरलेली आहेत. एकूण चार लेणी असून तिसरे सर्वात मोठे आहे. परिसर अत्यंत रम्य आहे.’ चौथीच्या निबंधाला दहापैकी सात मिळाले असते. यातलं काहीच चूक नाही, पण ते सगळं तिथल्या पाटीवरही आहे. तिसऱ्या लेण्यात शके ५००चा, म्हणजे इ.स. ५७८चा शिलालेख आहे. ती तारीख मी विसरले तरी दगड विसरणार नाही. पण त्या दिवशी मी कुठे उतरले होते, लेण्यांच्या पायऱ्या चढताना सोबत कोण होतं, दुपारी काय खाल्लं, याचा वहीत पत्ताच नाही. पाटीवरचं वहीत उतरवायला बसलं की तिसऱ्या दिवशी कंटाळा येणारच. तुमचाही तसाच आला, त्यात तुमच्या आळसाचा काही दोष नाही.

पुण्याशी जवळचं नातं असलेल्या पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत राहून आल्यावर १८८९ मध्ये पुस्तक लिहिलं, त्याचं नाव ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. नावातला क्रम बघा. आधी लोकस्थिती, मग प्रवास. मला हा क्रम फार उशिरा सुचला.

आता काय लिहायचं ते सांगते. सगळ्यात कामाची एकच गोष्ट आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त वेळ घालवते.

वहीचं डावं पान लिहायचं आणि उजवं कोरं सोडायचं. डाव्या पानावर त्या दिवशी कशाकशाची धास्ती वाटली, कुठे थांबायचं ठरवलं, कुणावर विश्वास ठेवला आणि का, ते दोन-दोन ओळींत. उजवं पान दुसऱ्या दिवशी भरायचं: प्रत्यक्षात झालं काय. एवढंच. ‘रिक्षावाला आडरस्त्याने नेतोय असं वाटलं’ हे डावीकडे. ‘पुढे रस्ता खणलेला होता, परत येताना पाहिलं’ हे उजवीकडे.

दहा-बारा वर्षं हे केल्यावर मी एकदा पावसाळ्यात घरी बसून सगळ्या वह्या ओळीने वाचल्या. डावी पानं अनोळखी पुरुषांनी, अंधाऱ्या बोळांनी आणि लॉजच्या कड्यांनी भरलेली. उजवीकडे बहुतेक ठिकाणी ‘काही झालं नाही’. आणि मग लक्षात आलं की ज्या गोष्टीने मला खरोखर तीन वेळा आडवं पाडलं होतं ती डाव्या पानावर एकदाही नव्हती. सौराष्ट्र, कोकण, माळवा, तिन्ही ठिकाणी चौथ्या दिवशी लघवीला जळजळ आणि ताप. सौराष्ट्रात तर दोन दिवस डॉक्टरच्या औषधावर लॉजमध्ये पडून काढले. मागची पानं चाळली तर तिन्हीकडे खर्चाच्या यादीत चहा होता, पण पाण्याची बाटली जेमतेम एक. वाटेत बरी जागा मिळणार नाही म्हणून मी दिवसभर पाणीच पीत नव्हते. ठरवून नव्हे, आपोआप. आईने शाळेच्या सहलीला लावलेली सवय पन्नाशीच्या तोंडावरही तशीच चालू होती. ही सवय कुठल्या मार्गदर्शक पुस्तकाने सांगितली नाही, माझ्याच खर्चाच्या पानाने सांगितली.

म्हणून तेव्हापासून प्रत्येक वहीचं शेवटचं पान स्वच्छतागृहांचं असतं. कुठला स्टँड, कुठला पेट्रोल पंप, कडी लागते का, पाणी आहे का, दिवा आहे का, किती पैसे घेतात. माझ्या गटातल्या बायका माझ्या सुंदर सुंदर वर्णनांकडे ढुंकून बघत नाहीत, हे पान मात्र मोबाइलवर फोटो काढून नेतात. पाळी आली असेल तर तारखेशेजारी एक टिंब करा. तुमच्या वयात तारखा मागेपुढे होतात, आणि डॉक्टरांनी विचारलं की आपण छताकडे बघतो.

याचा अर्थ भीती खोटीच असते असा मुळीच नाही. दोनदा ती खरी होती. एका तालुक्याच्या गावी लॉजच्या व्यवस्थापकाने नाव लिहून घेताना दोनदा विचारलं, ‘मागून कुणी येणार आहे का?’ रात्री दहाला दारावर टकटक, ‘पाणी हवंय का?’ मी दाराला खुर्ची लावून बसले आणि पहाटे खोली सोडली. दुसऱ्या दिवशी उजव्या पानावर लिहिताना मला नेमकं सापडलं की धास्ती टकटकीने नाही, त्या दोनदा विचारलेल्या प्रश्नाने सुरू झाली होती. तेव्हापासून कुणी तसं विचारलं की माझा भाऊ रात्रीच्या गाडीने येत असतो. मला सख्खा भाऊ नाही. पण गेली कित्येक वर्षं तो बिचारा रात्रीच्या गाड्या बदलत हिंडतोय.

आता एक पान जसंच्या तसं दाखवते, म्हणजे ‘वही’ म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. हेही बदामीचंच, पण अलीकडचं:

‘मंगळवार. सकाळी ७. अगस्त्य तलावाच्या पायऱ्यांवर अकरा बायका कपडे धुताहेत. आपटलेल्या कपड्याचा आवाज समोरच्या कड्यावर जाऊन परत येतो, त्यामुळे बायका बावीस वाटतात. एकीने विचारलं, ऊट आय्ता? मला वाटलं गाव विचारतेय. म्हटलं, पुणे. सगळ्या हसल्या. नंतर कळलं, ऊट म्हणजे जेवण. आपल्याकडे भेटल्यावर विचारतात तसंच, झालं का जेवण? म्हणजे मी जेवणात पुणे खाल्लं. माकडाने केळी नेली, पिशवीसकट. डावा गुडघा उतरताना दुखतो, चढताना नाही. खर्च: चहा १०, इडली ३०, केळी ४० (माकड).’

लेण्यांबद्दल एक अक्षर नाही. पण हे पान वाचलं की मला लेणीही दिसतात, कारण त्या आवाजाबरोबर अख्खी सकाळ परत येते. परिसर रम्य असल्याचं वाचून काहीच येत नाही.

ऐकलेले शब्द देवनागरीत कानाला आले तसे लिहून ठेवा. कानडीतलं नीरु म्हणजे पाणी, बेडा म्हणजे नको. हे दोन शब्द पहिल्या पानावर आधीच लिहून निघालात तर आठ दिवस तुमच्या उपयोगी पडतील. चित्र काढता येत नसेल तर दारातल्या रांगोळ्या उतरवा. ठिपके मोजायचे आणि जोडायचे, त्याला चित्रकला लागत नाही. शिवाय दारात उभं राहून ठिपके मोजणाऱ्या बाईला घरातली बाई हटकून आत बोलावते.

कधी लिहायचं? रात्री नाही. रात्री लिहीन म्हणणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या, पाठ टेकली की संपलं. वाट बघण्याच्या वेळात लिहा. स्टँडवर, थाळी मागवल्यावर ती येईपर्यंत, देवळाचं दार उघडायची वाट बघताना. एकट्या बाईला बसून राहायला कारण लागतं, आणि वही हे फार प्रतिष्ठित कारण आहे. मोबाइलवर बघत बसलेल्या बाईशी लोक बोलायला येतात, लिहीत बसलेल्या बाईला जरा बिचकतात. एकदा हायवेवरच्या ढाब्यावर मी भाव लिहून घेत होते, तर मालकाने न मागता ताट बदललं, पाण्याचा जग विसळून आणला आणि नमस्कार केला. त्याला मी अन्न खात्याची साहेबीण वाटले. मी खुलासा केला नाही. भाजी गरम होती.

फक्त एक पथ्य पाळा. लिहिताना मान खाली जाते, तेव्हा पाठ भिंतीला हवी आणि पिशवीचा पट्टा पायात अडकवलेला हवा. गर्दीच्या फलाटावर वही उघडू नका.

वहीबद्दल. चामडी बांधणीची डायरी घरीच ठेवा. तिच्यात चांगलंच लिहावं लागतं असं वाटतं, आणि चांगलं सुचेपर्यंत प्रवास संपतो. अप्पा बळवंत चौकात जा आणि लहान आकाराची दोनशे पानी, शिलाई केलेली वही घ्या. नुसती गमाने चिकटवलेली नको, ऊन आणि घामाने तिची पानं सुटतात. स्पायरलची तार पिशवीत वाकते. शाळेसारखं खाकी कव्हर घाला. हातकागदाचा मोह मला शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत दर वेळी होतो, पण तो कागद जाड असतो, वजन होतं आणि साध्या पेनची शाई त्यावर फुटू शकते. घरी आल्यावर एखादं चांगलं पान उतरवून काढायला तो छान.

पेनबद्दल माझं मत पक्कं आहे: पेन्सिल. शाईपेन विमानात नेलं तर आत अडकलेली हवा हवेचा दाब उतरल्यावर फुगते आणि शाई बाहेर ढकलते. लेहला उतरले तेव्हा माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर निळा नकाशा होता. जेल पेनचं म्हणाल तर ताम्हिणीत जुलैमध्ये वही भिजली आणि तीन दिवसांचा प्रवास फिकट निळं पाणी होऊन वाहून गेला. पेनच न्यायचं असेल तर घरी एक ओळ लिहा, दहा मिनिटं वाळू द्या आणि वर पाण्याचा थेंब सोडा. पसरली तर पेन घरी. पेन्सिल भिजत नाही, गळत नाही, थंडीत गोठत नाही. टोकयंत्र विसरू नका.

तिकिटं चिकटवायची सगळ्यांनाच हौस असते. त्यात एक गोम आहे. बसच्या यंत्रातून निघणारं तिकीट उष्णतेने काळं होणाऱ्या कागदाचं असतं, त्यात शाई नसतेच. ऊन, गरमी, प्लास्टिकचं पाकीट, गम, या सगळ्याने त्यावरचं छापलेलं उडतं. मी एका वर्षी हौसेने मागून गम लावून सतरा तिकिटं चिकटवली, पुढच्या दिवाळीला सतरा कोरे कागद. म्हणून तिकिटाचा मजकूर त्याच दिवशी शेजारी पेन्सिलीने उतरवायचा: कुठून, कुठे, किती वाजता, किती रुपये. तिकीट मग पोस्टाच्या साध्या पाकिटात.

आणि तिकिटावर लिहिण्यासारखं पुष्कळ असतं बरं. आपल्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. त्यानंतरच्या माझ्या वह्यांत एसटीतल्या बायका बदललेल्या दिसतात. पूर्वी दवाखाना, लग्न, माहेर. आता ‘सहज, बहिणीकडे’. तुम्ही कर्नाटकात जाल तेव्हा तिथल्या सरकारी साध्या बसमध्ये शेजारची बाई कंडक्टरला ओळखपत्र दाखवून शून्य रुपयांचं तिकीट घेईल. जून २०२३ पासून तिथल्या रहिवासी बायकांना तो प्रवास फुकट आहे. तुमच्या आधारवर पुण्याचा पत्ता, तुम्हाला पूर्ण पैसे पडतील. तेव्हा रागावू नका, तिला विचारा की पूर्वी किती वेळा निघायची आणि आता किती वेळा निघते. उत्तर उतरवून ठेवा. लोकस्थिती म्हणजे दुसरं काय असतं!

मोबाइलशी माझं भांडण नाही. चालताना काही सुचलं तर आवाज टेप करा आणि दुपारी वहीत उतरवा. संध्याकाळी त्या दिवसाच्या पानांचा फोटो काढून स्वतःलाच पाठवा, म्हणजे वही हरवली तरी मजकूर राहील. पण सगळं मोबाइलवरच लिहिलंत तर तुम्ही ते कधीही पुन्हा वाचणार नाही, हे अनुभवाने सांगते. आणि फोटो टाकायचे ते गाव सोडल्यावर. ‘आत्ता मी इथे एकटी’ हे जगाला कळवायची गरज नसते. मुक्काम, गाड्यांची नावं, लॉजचा फोन हे सगळं एका वेगळ्या कागदावर लिहून घरी फ्रिजवर लावून जा. वहीत घरचा पत्ता आणि खोली क्रमांक लिहू नका. पहिल्या पानावर सापडल्यास कळवण्यासाठी एक ईमेल पुरे. त्याखाली ११२ आणि रेल्वेचा १३९. पाठ असले तरी लिहा, घाबरल्यावर पाठ असलेलंच आधी जातं.

राहिला घरच्यांनी वाचण्याचा प्रश्न. तुम्ही तो सगळ्यात शेवटी विचारलात, म्हणजे तोच खरा.

वाचतात. कुलूप लावलं तर जास्त वाचतात. माझ्या तिसऱ्या वहीत एक वाक्य आहे: ‘आज घरची एकदाही आठवण आली नाही, हे दुपारी चारला लक्षात आलं.’ सासूबाईंच्या हाती ती वही लागली. पुढे चार दिवस आमच्या सदाशिव पेठेतल्या स्वयंपाकघरात कपबश्यांचा आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा होता. मी काही बोलले नाही, त्याही नाही. पुढच्या प्रवासात मात्र मी ‘घरची फार आठवण येते’ असं दर पानावर लिहिलं. ती वही, वर म्हटलेल्या पाच रद्दीतली सगळ्यात वाईट. वाचणाऱ्यासाठी लिहिलेली. त्यानंतर मी ठरवलं की जे कुणी वाचू नये ते लिहायचंच, फक्त माणसांची नावं लिहायची नाहीत. सासूबाई गेल्या, ते वाक्य अजून तसंच आहे, खोडलेलं नाही.

नावांचं पथ्य दुसऱ्या बाजूनेही पाळा. रेल्वेच्या लेडीज डब्यात बायका दोन तासांत आयुष्य सांगून मोकळ्या होतात, कारण तुम्ही पुन्हा भेटणार नसता. ते लिहा, पण नाव, गाव, नवऱ्याचा धंदा असं काही नको. ‘हिरव्या बांगड्यांची’ एवढं पुरतं. मला अजून आठवते ती.

तुमच्या आठ दिवसांसाठी दोन-तीन सुचवण्या. रेल्वेने सोलापूर, विजयपूर, बागलकोटमार्गे बदामी सोयीची. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि दिवाळीच्या आसपास लगेच भरतं. पंचेचाळीस पूर्ण झालेल्या बायकांना खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे, तो निवडा. बदामीपासून पाचेक किलोमीटरवर बनशंकरी. तिथे देवळाबाहेर टोपल्या घेऊन बसलेल्या बायका ज्वारीची भाकरी, शेंगा चटणी, भाजी, गाडग्यातलं दही देतात. तुमच्या हातच्या भाकरीत आणि तिच्यात काय फरक आहे ते लिहा. जाडी, वास, पापुद्रा. त्या विषयात तुम्ही तज्ज्ञ आहात, शिल्पशास्त्रात आपण दोघी नाही.

हंपीसाठी होस्पेटला उतरायचं, तिथून तेराएक किलोमीटर. विरूपाक्ष मंदिरात एका अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते, भोकातून आलेल्या उजेडाने. ती कशी पडते हे वहीत लिहू नका. तुम्हाला ती किती वेळाने दिसली, कुणी दाखवली, आणि दिसल्याचं नाटक आधी केलंत का, ते लिहा. मी केलं होतं. मागे रांग होती.

पेन्सिली दोन घ्या. एक बसमध्ये कुणीतरी मागतंच, आणि उतरताना घेऊन जातं.